जिवाणूंचा डिंक आणि अहिंसेचे माप

साखर कारखान्याच्या केमिस्टपुढे डेक्स्ट्रानचे नाव काढले की त्याच्या कपाळाला आठी पडते. ऊस तुटला की कापल्या टोकातून पाझरणाऱ्या रसावर ल्युकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइड्स हा जिवाणू बसतो. मातीत, पाचटात, कोयत्याच्या पात्यावर तो असतोच. उसातली साखर तो फोडतो, तिच्यातले फ्रुक्टोज बाजूला सोडतो आणि ग्लुकोजचे कण एकाला एक जोडत लांबच लांब साखळी बांधतो. ती साखळी म्हणजे डेक्स्ट्रान. तोडलेला ऊस दिवसभरात गाळपाला गेला तर त्याचे प्रमाण नगण्य राहते. ट्रॉल्या आवारात दोन-तीन दिवस तिष्ठत राहिल्या, की रस बुळबुळीत होतो, गाळण मंदावते आणि पॅनमध्ये साखरेचा दाणा नीट न बांधता लांबट, सुईसारखा येतो. त्यावर कडी म्हणजे हा पदार्थ मोजमापालाही चकवतो. रसातल्या साखरेचे प्रमाण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल किती फिरते यावरून काढतात, आणि डेक्स्ट्रान ते साखरेच्या सुमारे तिप्पट फिरवते. साखर नासून जे तयार झाले, तेच यंत्राला जास्तीची साखर म्हणून दिसते. आता हेच डेक्स्ट्रान दुसरीकडे पाहा. १९४०च्या दशकात स्वीडनमधल्या संशोधकांनी त्याच्या साखळ्या ठरावीक लांबीच्या करून, शुद्ध करून, रक्तस्रावाने खचलेल्या रुग्णाच्या शिरेतून देण्याचे द्रावण बनवले. रक्त मिळेपर्यंत रक्तवाहिन्यांतले पाणी धरून ठेवायचे, हे त्याचे काम. लोहाशी जोडलेले डेक्स्ट्रान रक्तक्षयावर इंजेक्शन म्हणून वापरात आले. आणि ज्या जिवाणूने आवारातला ऊस नासवला, तोच इडलीचे पीठ रात्रीतून फुगवतो.

एकच पदार्थ कारखान्यात नुकसान आणि दवाखान्यात औषध ठरतो, हे पाहून ‘वस्तू चांगली-वाईट नसते, वापर तसा असतो’ असे म्हणून मोकळे होता येते. पण ते मोकळे होणे म्हणजे प्रश्न टाळणे आहे, आणि कोल्हापूरच्या परिसरात तर तो टाळताच येत नाही. शिरोळ, हातकणंगले, पलीकडे सांगली आणि बेळगाव या पट्ट्यातला जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या शेती करत आला आहे. ऊस तो पिकवतो, कारखान्याचा सभासदही तोच असतो, आणि त्याच्याच घरात पाणी गाळून घेतले जाते, कांदा-बटाटा वर्ज्य असतो, जेवण दिवस मावळायच्या आत उरकते. त्या घरात आता सॉसची बाटली येते, आइस्क्रीमचा डबा येतो, औषधाची कॅप्सूल येते, आणि वेष्टनावर बारीक अक्षरांत ४१५ किंवा ४१८ असा आकडा असतो. हे आकडे जिवाणूंकडून मिळवलेल्या डिंकांचे आहेत. सूक्ष्म जीव मुद्दाम वाढवून, त्यांच्याकडून काम करवून घेऊन आणि शेवटी त्यांना मारून मिळवलेला पदार्थ अहिंसा मानणाऱ्याने घ्यावा का, आणि ते ठरवायचे तर कोणत्या मापाने, असा हा प्रश्न आहे. हे माप सापडले तर ते जैन घरापुरते राहणार नाही. अन्न, आरोग्य आणि उद्योग या तिन्ही ठिकाणी अशा पदार्थांची किंमत करणाऱ्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल, असे माझे म्हणणे आहे.

आधी वस्तू नीट ओळखून घेऊ. साखरेच्या कणांची लांब साखळी म्हणजे पॉलिसॅकराइड. पिठातला स्टार्च, कापसातला सेल्युलोज आणि बाभळीचा डिंक हे त्याचे रोजच्या ओळखीतले प्रकार. गुऱ्हाळात रसावरची मळी वर आणण्यासाठी रानभेंडीचे चिकट पाणी ओततात, त्या चिकटपणाचे कारणही हेच. जिवाणू आणि बुरशी अशा साखळ्या आपल्या पेशीबाहेर सोडतात. त्यांच्या आवरणात त्यांना वाळण्यापासून आणि भक्षकांपासून संरक्षण मिळते, पृष्ठभागाला धरून राहता येते. कोबीवर काळ्या कुजीचा रोग आणणारा झँथोमोनास कँपेस्ट्रिस हा जिवाणू झँथन गम तयार करतो. अमेरिकेतल्या पिओरिया इथल्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत ॲलीन जीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढे आणला, आणि १९६९मध्ये अमेरिकेत तो अन्नात वापरायला परवानगी मिळाली. हाच आज वेष्टनावरचा ४१५. पाणवनस्पतीवर सापडलेल्या दुसऱ्या एका जिवाणूचा जेलन गम म्हणजे ४१८, आणि ऑरिओबॅसिडियम बुरशीचा पुल्युलान म्हणजे १२०४. कृती साधारण सारखीच असते. टाकीत साखरेचे द्रावण घ्यायचे, त्यात जिवाणू सोडायचा, हवा खेळवायची आणि द्रावण पुरेसे दाट झाले की तापवून जिवाणू मारायचे. मग अल्कोहोल घालून डिंक खाली बसवायचा, वाळवायचा, दळायचा. खाद्यपदार्थात तो बहुधा अर्ध्या टक्क्याहूनही कमी लागतो. इतक्यात सॉस बाटलीत फुटत नाही आणि आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे धरत नाहीत.

यावर पहिले आणि सर्वांत सोयीचे उत्तर कायद्याचे आहे: पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका आहे, मग प्रश्न कसला? भारतीय नियमांनुसार प्राणी, पक्षी, जलचर, अंडी किंवा प्राण्यांपासून मिळालेला कोणताही पदार्थ असलेले अन्न मांसाहारी ठरते. त्यातून दूध आणि मध वगळलेले आहेत, लाखही वगळलेली आहे. जिवाणू या व्याख्येत बसतच नाही, म्हणून झँथन शाकाहारी. ग्राहकाला फसवू नये एवढ्यापुरता हा नियम ठीक आहे, पण तो धर्मविचाराची जागा घेऊ शकत नाही. मधाचेच पाहा. कायद्याने मधाच्या बाटलीवर हिरवा ठिपका बसतो. दिगंबर श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थाच्या, आठ मूलगुणांत मात्र मद्य आणि मांस यांच्या जोडीला मधुत्यागही आहे. कायद्याची रेघ व्यवहाराच्या सोयीने ओढलेली असते, व्रताची रेघ जीवाच्या विचाराने. दोन्ही रेघा एकमेकींवर पडतील अशी अपेक्षाच चुकीची आहे. उलट बाजूने, जुन्या ग्रंथांत जिवाणू शोधून त्यावरून निकाल देणेही सरळ नाही. जैन जीवविचारात एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत पायऱ्या आहेत. एकाच शरीरात अनंत जीव राहतात अशी निगोदाची कल्पना आहे, आणि आजचे बरेच अभ्यासक जिवाणूंना तिथेच कुठेतरी ठेवतात. पण सूक्ष्मदर्शकाच्या आधी लिहिलेल्या वर्गीकरणात आज दिसणारा जीव बसवणे हे अनुमान आहे, शास्त्रवचन नव्हे. म्हणून ‘ग्रंथात नाव नाही, चालेल’ आणि ‘निगोद आहेत, चालणार नाही’ ही दोन्ही उत्तरे सारखीच घाईची आहेत.

दुसरे उत्तर आकड्यांचे आहे आणि ते अधिक जोरकस वाटते. टाकीतल्या थेंबाथेंबात कोट्यवधी जिवाणू असतात. टाकी तापवली की ते सगळे मरतात. एवढा संहार कोणत्या खाटिकखान्यात होतो? हा युक्तिवाद खरा मानला तर सगळ्यात आधी दही सोडावे लागेल. आंतरराष्ट्रीय मानकानुसार विरजणाच्या जिवाणूंची संख्या आंबवलेल्या दुधात ग्रॅममागे किमान एक कोटी असावी लागते. वाटीभर दह्याची कढी उकळली की संख्येने फार मोठा संहार झाला. संख्या हेच हिंसेचे माप असेल तर कढी हे बोकडाच्या रश्श्याहून मोठे पाप ठरेल. हा निष्कर्ष कोणत्याही धर्मबुद्धीला पटणार नाही, आणि जैन परंपरेला तर तो फार पूर्वीच अमान्य झालेला आहे. सूत्रकृतांग या जैन आगमात हस्तितापसांचा उल्लेख येतो. रोज अनेक लहान जीव मारण्यापेक्षा वर्षातून एक हत्ती मारावा आणि त्यावर गुजराण करावी, असे त्यांचे म्हणणे. आर्द्रक मुनी ते खोडून काढतात. दिगंबर परंपरेत आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपाय या ग्रंथात याच विचाराला थेट नकार दिला आहे: पुष्कळ लहान जीवांच्या घातापेक्षा एका मोठ्या जीवाचा घात बरा, असे समजून मोठा जीव मारू नये. एकेंद्रियाला चार प्राण आणि मन असलेल्या पंचेंद्रियाला दहा प्राण ही गणनाही हेच सांगते, की सगळे जीव एका तराजूत सारख्या वजनाने घालता येत नाहीत. अर्थात यातून ‘लहान जीव हवे तेवढे मारा’ असा परवाना निघत नाही. एवढेच निघते, की डोकी मोजून धर्म ठरत नाही.

मग ठरतो कशाने? या प्रश्नाला कोल्हापूरशी जोडलेले एक उत्तर आहे. राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवणाऱ्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी १९३५मध्ये कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसाराची चिकित्सक आवृत्ती विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली, आणि हा प्राकृत ग्रंथ आधुनिक अभ्यासाच्या कक्षेत आला. त्यात हिंसेविषयी सांगितलेला विचार थोडक्यात असा आहे: समोरचा जीव मरो वा जगो, जो बेफिकीरपणे वागतो त्याच्या हातून हिंसा झालेलीच आहे, आणि जो जपून, प्रत्येक हालचालीकडे लक्ष देऊन वागतो, त्याला केवळ जीव मेल्यामुळे कर्माचा बंध लागत नाही. तत्त्वार्थसूत्रातली हिंसेची व्याख्याही प्रमादावरच, म्हणजे बेफिकीरपणावरच, बोट ठेवते. प्रमादाच्या योगाने प्राणांचा वियोग घडवणे, ही हिंसा. दोन्ही ठिकाणी निकालाचे केंद्र मरणाऱ्याच्या संख्येवरून वागणाऱ्याच्या वृत्तीकडे आणि सावधपणाकडे सरकते. हा सावधपणा म्हणजे मनातल्या मनात ‘माझा हेतू चांगला आहे’ असे म्हणणे नव्हे. समितीचे, म्हणजे रोजच्या हालचालीत जपून वागण्याचे, नियम अत्यंत व्यवहारी आहेत. चालताना जमिनीकडे पाहणे, वस्तू उचलताना-ठेवताना तपासणे, उत्सर्ग कुठे करायचा ते बघणे. पाणी गाळल्यावर गाळणे धुऊन त्यातले जीव विहिरीच्या पाण्यात परत सोडण्याची चाल याच विचारातून आलेली आहे. त्या पाण्यात किती जीव आहेत हे कोणी मोजत नाही. आपल्या गरजेपायी त्यांचे ठिकाण तुटू नये, एवढी काळजी घेतली जाते.

हे माप उसाच्या आवारात लावून पाहा, मग ते किती नेमके आहे ते कळते. डेक्स्ट्रान तयार होते ते उसाच्या दोषाने नव्हे आणि जिवाणूच्या दुष्टपणानेही नव्हे. तोडणी आणि गाळप यांचा मेळ न बसल्याने होते. कारखान्याच्या क्षमतेपेक्षा जास्त तोड दिली, यंत्र बंद पडले, दराच्या आंदोलनात वाहने अडकली, फड पेटवून ऊस तोडला की उसाला भोवतो तो उशीर. त्या उशिरात जिवाणू अब्जांनी वाढतात आणि मग त्यांना मारण्यासाठी मिलवर वाफ आणि जंतुनाशके सोडावी लागतात. आधी निष्काळजीपणाने जीव वाढवायचे आणि नंतर पैसे खर्चून त्यांचा नाश करायचा, असा हा दुहेरी व्यवहार आहे. शेतकऱ्याचा उतारा घटतो, साखरेचा दाणा बिघडतो, आणि हिंसाही वाढते. वेळेवर गाळप झाले तर तिन्ही एकदम टळतात. हिंसेचे मूळ प्रमादात आहे असे धर्मशास्त्र म्हणते तेव्हा ते केवळ परलोकाविषयी बोलत नसते. कारखान्याचा वेळापत्रक-विभागही त्याच नियमाखाली येतो. आणि जो श्रावक झँथन असलेला सॉस नाकारतो, पण सभासद म्हणून आपल्या कारखान्याच्या आवारात ऊस किती तास पडून राहतो हे कधी विचारत नाही, त्याच्या त्यागाला मी छोटा म्हणणार नाही. त्याची दृष्टी मात्र अर्धी आहे.

सावधपणा हे माप मानले, तर सूक्ष्मजीवांच्या पॉलिसॅकराइडची किंमत करताना तीन गोष्टी विचाराव्या लागतात: हा पदार्थ कशाच्या जागी येतो, तो कोणाच्या पोटात वा शरीरात जातो, आणि तो तयार होताना मागे काय उरते. पहिला प्रश्न आरोग्याच्या क्षेत्रात सर्वांत ठळक होतो. औषधाची नेहमीची कॅप्सूल जिलेटिनची असते, आणि जिलेटिन गाई-म्हशी, डुकरे यांच्या हाडाकातड्यांपासून काढतात. पुल्युलानची कॅप्सूल तेच काम बुरशीच्या मदतीने करते. सांध्यात आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत वापरले जाणारे हायलुरोनिक ॲसिड पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत. आता त्याचा मोठा भाग स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू वाढवून मिळवतात. इथे तुलना ‘जिवाणू मारायचे की कोणालाच नाही’ अशी नाही. पंचेंद्रिय प्राणी की सूक्ष्म जीव, अशी आहे. जीवांच्या पायऱ्या मानणारा विचार इथे अडखळण्याचे कारण नाही. याहून पुढचे उदाहरण पुण्याचे आहे. मेनिंजायटिस आणणाऱ्या जिवाणूभोवतीचे आवरणही पॉलिसॅकराइडचेच असते. सीरम इन्स्टिट्यूटने त्याच आवरणाचा अंश एका प्रथिनाला जोडून मेनआफ्रिव्हॅक ही लस तयार केली आणि डिसेंबर २०१०मध्ये बुर्किना फासोत ती मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात झाली. एका डोसाची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत ठेवलेली होती. जे आवरण रोगजंतूला शरीराच्या पहाऱ्यातून निसटायला मदत करते, तेच पहाऱ्याला शिकवण्यासाठी वापरले. अशा ठिकाणी जिवाणूच्या टाकीला हिंसेचे ठिकाण म्हणून नाकारणे म्हणजे लशीने वाचणाऱ्या मुलाचा जीव मोजणीतून वगळणे आहे.

अन्नात मात्र हाच कौल आपोआप लागू होत नाही, कारण तिथे गरज तेवढी तीव्र नसते. सॉस थोडा पातळ असला म्हणून कोणाचे अडत नाही. गव्हातल्या ग्लुटेनने त्रास होणाऱ्या माणसासाठी ज्वारी-तांदळाचा पाव बांधून ठेवायला झँथन लागतो, तेव्हा त्याची बाजू भक्कम असते. गिळताना ठसका लागणाऱ्या वृद्धाचे पाणी दाट करायला तो लागतो, तेव्हाही. पाकीट सहा महिने टिकावे आणि पाण्याला दाटपणा येऊन ते महाग विकता यावे म्हणून लागतो, तेव्हा ती बाजू पातळ होते. शिवाय ‘कोणाच्या पोटात’ हा दुसरा प्रश्न इथे निर्णायक असतो. प्रौढांसाठी सुरक्षित म्हणून मान्य झालेला झँथन घातलेले एक दाट करणारे उत्पादन अकाली जन्मलेल्या बाळांना देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २०११मध्ये द्यावा लागला, कारण काही बाळांच्या आतड्यांना गंभीर इजा झाल्याचे समोर आले होते. रेणू बदलला नव्हता. खाणारा बदलला होता. डेक्स्ट्रानच्या द्रावणानेही क्वचित रुग्णाला तीव्र ॲलर्जी होते, म्हणून ते देताना लक्ष ठेवावे लागते. अनेकांत, म्हणजे प्रत्येक विधान कोणत्या तरी अपेक्षेने खरे असते हा विचार, मानणाऱ्यांना हे नवे वाटू नये. ‘झँथन सुरक्षित आहे’ हे वाक्य कोणाच्या अपेक्षेने, किती मात्रेत, कोणत्या अवस्थेत हे सांगितल्याशिवाय अपुरे आहे. पण अनेकांत म्हणजे ‘सगळ्यांचेच थोडेथोडे खरे’ नव्हे. अपेक्षा एकदा स्पष्ट केली की त्या अपेक्षेत विधान खरे किंवा खोटे असते, आणि त्या बाळांच्या बाबतीत ते खरे म्हणता येत नव्हते.

तिसरा प्रश्न, मागे काय उरते, हा उद्योगाचा आणि म्हणून कोल्हापूरचा प्रश्न आहे. झँथनचा मोठा वापर तेलविहिरी खणताना लागणाऱ्या चिखलात होतो, काही रंगांत आणि छपाईत होतो. इचलकरंजीच्या कापडधंद्यासारख्या ठिकाणी स्टार्च, चिंचोक्याची पावडर, गवारीचा डिंक अशा वनस्पतीजन्य चिकट पदार्थांवर बरेच भागू शकते, आणि जिथे भागते तिथे टाकीतला डिंक आणण्याचे कारण नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण वनस्पतीचा म्हणजे निर्दोष, हेही न तपासता मानू नये. गवार शेतात पिकते, शेत नांगरावे लागते, आणि नांगराच्या फाळाखाली दोन इंद्रियांचा गांडूळ आणि तीन इंद्रियांची मुंगी येते. टाकीतला जिवाणू या दोघांच्या खालच्या पायरीवर आहे. याहून मोठी गोष्ट सांडपाण्याची. कोणत्याही आंबवण प्रक्रियेतून सेंद्रिय द्रव्याने भरलेले पाणी बाहेर पडते. ते प्रक्रिया न करता नदीत सोडले, की नदीतले सूक्ष्म जीव त्यावर वाढतात, पाण्यातला विरघळलेला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या कोल्हापूरकरांना नव्या नाहीत. मासा पंचेंद्रिय आहे. टाकीतल्या जिवाणूंच्या मरणावर वाद घालताना नदीतल्या माशांचे मरण नजरेआड झाले, तर अहिंसेचा विचार सर्वांत सोप्या जागी अडकून पडला असे म्हणावे लागेल.

यावर पहिला आक्षेप परंपरेच्या आतून येईल. स्वयंपाकात, शेतीत नकळत घडणारी हिंसा वेगळी. इथे तर जिवाणू मुद्दाम वाढवतात आणि मुद्दाम मारतात, म्हणजे ही गृहस्थालाही वर्ज्य असलेली संकल्पी हिंसा झाली. आक्षेप वजनदार आहे. पण शास्त्रातला संकल्प हा मारण्याचाच संकल्प आहे. शिकारीत, बळीत जीवाचा घात हेच उद्दिष्ट असते. घरकामातल्या आरंभी आणि व्यवसायातल्या उद्योगी हिंसेत जीव मरणार हे ठाऊक असते, तरी उद्दिष्ट दुसरे असते. तसे नसते, तर मुनींसाठी पाणी उकळून प्रासुक, म्हणजे जीवरहित, करण्याची आणि दूध काढल्यावर मुहूर्ताच्या आत तापवण्याची शिकवण संकल्पी हिंसेची शिकवण ठरली असती. तापवण्यामागे पुढची अनियंत्रित जीवोत्पत्ती थांबवण्याचा विचार आहे, आणि टाकी तापवण्यामागेही तोच आहे. दही लावणारी गृहिणीही जिवाणू मुद्दामच वाढवते. म्हणून ही हिंसा उद्योगी प्रकारची आहे. ती शून्य नाही, तिची जबाबदारी संपत नाही, पण तिचे नाव बदलून तिला शिकारीच्या रांगेत बसवणे न्याय्य नाही. याला लागूनच मधाचा दाखला दिला जातो: मधमाशीने साठवलेले घेणे निषिद्ध, तर जिवाणूने स्रवलेले कसे चालते? मधाच्या निषेधामागे पोळ्यातल्या त्रस, म्हणजे हलत्या-फिरत्या, जीवांचा घात आहे. डिंकाच्या टाकीत त्रस जीव नाहीत. तरीही ज्याला हे साम्य पुरेसे वाटते आणि जो आपल्या प्रतिमेनुसार त्याग करू इच्छितो, त्याने तो जरूर करावा. श्रावकाच्या अकरा प्रतिमा सांगणाऱ्या परंपरेला त्यागाच्या पायऱ्या मान्यच आहेत. फक्त वरच्या पायरीचा नियम खालच्या पायरीवरच्या माणसाला दोषी ठरवण्यासाठी वापरू नये.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. जिवाणूला मज्जासंस्था नाही, वेदना नाही; मग त्याच्या जीवाची चर्चा ही निव्वळ कर्मकांडाची नाही का? वेदनेविषयीचे विज्ञानाचे म्हणणे मला मान्य आहे, आणि माझा युक्तिवाद जिवाणूच्या वेदनेवर उभाही नाही. तो वागणाऱ्याच्या सावधपणावर उभा आहे. वेदनेचे माप लावले तरी अकाली जन्मलेली बाळे, नदीतले मासे आणि उतारा घटलेला शेतकरी मोजणीत येतातच. सूक्ष्म जीवाविषयीही हात आखडता घ्यायला लावणारी वृत्ती मोठ्या जिवांविषयी बेपर्वा राहण्याची शक्यता कमी, एवढा व्यवहारी फायदा तरी नाकारता येणार नाही. तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे: सावधपणा हा लवचीक शब्द आहे, प्रत्येक उद्योजक म्हणेल की मी सावध आहे. पण सावधपणा तपासता येतो. तोडणीपासून गाळपापर्यंत किती तास गेले, याची नोंद असते. सांडपाण्यातल्या सेंद्रिय भाराचा आकडा असतो. एखादा डिंक कमी हानीच्या कशाची जागा घेतो की जास्त हानीच्या, हे सांगता येते. कोणत्या वयाच्या, कोणत्या आजाराच्या माणसाला तो देऊ नये, हे वेष्टनावर छापता येते. कुंदकुंदांच्या मुनीला चालताना समोरची जमीन पाहावी लागते, तशी आजच्या कारखानदाराला नोंदवही पाहावी लागेल. ज्याच्याकडे ती नाही, त्याचा सावधपणाचा दावा मान्य करण्याचे कारण नाही.

तेव्हा या पदार्थांचे मूल्यमापन करणाऱ्या प्रयोगशाळेने दाटपणा, शुद्धता आणि खर्च या रकान्यांच्या शेजारी आणखी तीन रकाने आखावेत: कशाऐवजी, कोणासाठी, मागे काय उरवून. औषधात आणि लशीत, जिथे हा पदार्थ मोठ्या प्राण्याच्या जागी येतो किंवा माणसाचा जीव वाचवतो, तिथे तो निःशंक स्वीकारावा. अन्नात तो गरजेनुसार आणि खाणारा ओळखून घ्यावा, पाकिटाच्या दिखाव्यासाठी नव्हे. उद्योगात त्याचा निकाल टाकीच्या तोंडाशी न लावता सांडपाण्याच्या नळाच्या टोकाशी लावावा. आणि ज्यांनी जीवदयेचा विचार या मातीत टिकवला, त्या घरांनी आपला प्रश्न वेष्टनावरच्या आकड्यापाशी थांबवू नये. ४१५ चालतो का, हे विचारणाऱ्याला कारखान्याच्या वार्षिक सभेत उभे राहून उसाचा उशीर आणि सांडपाण्याचा हिशेब मागण्याचा तितकाच अधिकार आहे. माझ्या मते ते त्याचे व्रतच आहे.